दिंडोरी रस्त्यावरील पशुपालन वर्ग: गोठा मनापासून शिकवला, पोल्ट्री घाईत उरकली

नाशिकहून दिंडोरीकडे जाताना लागणाऱ्या एका खासगी केंद्रात गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्या संगोपनाचा आठवडाभराचा प्राथमिक वर्ग घेतला जातो. सिन्नर, इगतपुरी, पेठ आणि निफाड तालुक्यांतील तरुण, बचत गटातील महिला आणि द्राक्षबागेला जोडधंदा हवा म्हणून आलेले माझ्यासारखे शेतकरी असा आमचा गट होता. शुल्क माफक आहे, त्यात दुपारचे जेवण आणि एक छापील पुस्तिका मिळते. दुभत्या जनावरांचा आणि शेळ्यांचा भाग इतका चांगला आहे, की केवळ तेवढ्यासाठी मी हा वर्ग कोणालाही सुचवेन. कोंबडीपालनाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

शिकवण्याची जबाबदारी शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्या एका पशुवैद्यकांकडे आहे. पहिल्याच सकाळी त्यांनी फळ्याकडे न जाता आम्हाला गोठ्यात नेले आणि एका संकरित गायीच्या कासेवर हात ठेवून शिकवायला सुरुवात केली. चारही सड एकेक करून दाखवत त्यांनी धार काढण्याआधी आणि नंतर कास कशी लागते, पान्हा सुटला हे हाताला कसे कळते आणि कासदाहाची सुरुवात असेल तर कास कशी गरम व कडक लागते हे सांगितले, आणि मग प्रत्येकाला हात लावायला लावला. काळ्या बशीत दुधाच्या पहिल्या चार धारा काढून त्यात गुठळ्या दिसतात का ते पाहण्याची साधी पद्धत त्यांनी स्वतः करून दाखवली. वेत, भाकड काळ, गाभण, कालवड हे शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तथापि बाजारात व्यापारी गाय दुसऱ्या वेताची असल्याचे सांगतो तेव्हा तिचे दात, शिंगांवरील वलये आणि कासेची ठेवण पाहून ते खरे की खोटे कसे ताडावे, हे कोणी इतक्या नीटपणे समजावले नव्हते.

माजाविषयीचे (जनावर रेतनासाठी तयार असते त्या काळाविषयीचे) सत्र मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण दुधाच्या धंद्यातील बहुतेक तोटा तिथेच होतो. गाय साधारण 21 दिवसांनी माजावर येते आणि माज 12 ते 18 तासच टिकतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करून घ्यावे, हा नियम त्यांनी कारणासह सांगितला. काचेसारखा स्वच्छ सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), सततचे हंबरणे, दुसऱ्या जनावराने अंगावर उडी घेतली तरी स्थिर उभे राहणे या खुणा गायीत सहज दिसतात. म्हशीचा माज पुष्कळदा मुका, म्हणजे बाहेर खुणा न दिसणारा, असतो आणि उन्हाळ्यात तर तो हमखास नजरेतून सुटतो, म्हणून पहाटे आणि रात्री गोठ्यात चक्कर मारण्याला पर्याय नाही. रेतनानंतर 21 दिवसांनी गाय उलटली (पुन्हा माजावर आली) की नाही हे पाहायचे आणि तारीख भिंतीवर नव्हे तर वहीत लिहायची, असा त्यांचा आग्रह होता. एक माज हुकला की तीन आठवडे जातात आणि तेवढ्या काळाची वैरण व पेंड अंगावर पडते, हा हिशेब त्यांनी आमच्याकडूनच करवून घेतला.

व्यायल्यानंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांवरही त्यांनी बराच वेळ दिला, आणि ते योग्यच झाले. वासराला रोगप्रतिकारशक्ती गर्भात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते; वासराच्या आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता तासागणिक घटते आणि साधारण एका दिवसात जवळजवळ संपते. म्हणून वार (व्यायल्यानंतर बाहेर पडणारे गर्भावरण) पडण्याची वाट न पाहता वासराला चीक पाजायचा, आणि दिवसभरात त्याच्या वजनाच्या एकदशांश इतका तरी तो पोटात जाईल असे पाहायचे. आपल्याकडे खरवसाच्या हौसेपायी वासराच्या वाट्याला कमी चीक येतो, हे त्यांनी कोणाला न दुखावता, पण स्पष्ट शब्दांत सांगितले.

पुस्तिकेत मात्र एक गंभीर चूक आहे. तिथे गाय आणि म्हैस दोघींचा गाभणकाळ 280 दिवस छापला आहे. गायीसाठी तो ठीक, पण म्हशीचा गाभणकाळ सुमारे 310 दिवसांचा असतो. विण्यापूर्वी दोन महिने जनावर आटवायचे (दूध काढणे थांबवायचे) असल्याने, पुस्तिकेवर विसंबणारा माणूस म्हैस महिनाभर आधीच आटवील आणि तेवढे दूध गमावील. शिक्षकांनी तोंडी दुरुस्ती केली, परंतु पुस्तिका घरी नेऊन शेजाऱ्याला वाचायला देणाऱ्यांपर्यंत ती पोहोचणार नाही. केंद्राने निदान त्या पानावर शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवायला हवी.

शेळीचे सत्र छोटे असले तरी भरीव होते. उस्मानाबादी आणि संगमनेरी या दोन्ही जातींच्या शेळ्या समोर उभ्या होत्या. खालच्या जबड्यातील दात पाहून वय ओळखायचे ते प्रत्येकाने करून पाहिले: दुधाचे आठही दात असले तर करडू वर्षाच्या आतले, दोन दाती (दोन कायमचे दात आलेली) झाली की वर्ष उलटलेले, चार दाती म्हणजे साधारण दोन वर्षांची. शेळी पाच महिन्यांत विते. तिला विल्यानंतर लगेच पुन्हा गाभण न करवता सावरायला वेळ द्यावा, पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची (आतड्यांतील विषबाधेच्या रोगाची) लस टोचून घ्यावी आणि कोवळ्या, लुसलुशीत चाऱ्यावर तिला एकदम सोडू नये, हे सारे नेमके सांगितले गेले. डांगी गायीला मात्र केवळ दोन वाक्ये मिळाली, याचे मला वाईट वाटले. इगतपुरी-त्र्यंबकच्या मुसळधार पावसात, भातखाचरांच्या चिखलात टिकणारी, तेलकट कातडीमुळे पाणी अंगावर न मुरू देणारी ही आपल्याच जिल्ह्यातील जात आहे, आणि गटातील इगतपुरीकडचे शेतकरी तिच्याविषयी ऐकण्यासाठीच आले होते.

कोंबडीपालनाचा भाग दुसऱ्या व्यक्तीने पडद्यावरील चित्रांवर शिकवला. ब्रॉयलर (मांसासाठीचा पक्षी), लेयर (अंड्यांची कोंबडी), ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी सोय), लिटर (शेडमध्ये पसरलेला भुसा), एफसीआर (खाद्य आणि वजन यांचे प्रमाण) हे शब्द एकामागून एक आले आणि गेले. तलंग (तरुण कोंबडी) कधी अंड्यावर येते, खुडूक (अंडी उबवायला बसू पाहणारी) कोंबडी रवणीला (अंड्यांवर) कशी बसवावी, अंडी उबवायला 21 दिवस का लागतात, हे परसातल्या गावरान कोंबड्यांसाठी आलेल्या महिलांना हवे होते आणि ते त्यांना विचारून विचारून काढावे लागले. करारावर पक्षी वाढवणाऱ्याचा मोबदला ज्या एफसीआरवर ठरतो, तो आकडा एकदाही फळ्यावर मांडला गेला नाही. पक्ष्यांनी खाल्लेल्या एकूण खाद्याला विकलेल्या एकूण वजनाने भागायचे. 2 किलोच्या पक्ष्यामागे 3.4 किलो खाद्य लागले तर 1.7 येतो, आणि मेलेल्या पक्ष्यांनी खाल्लेले खाद्यही त्यातच धरले जात असल्याने उशिरा होणारी मरतूक अधिक महागात पडते. एवढे सांगायला पाच मिनिटे पुरली असती.

ब्रूडिंगबाबतही (पिल्लांना ऊब देण्याबाबतही) तेच. पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी, हा तक्ता दाखवला गेला, पण पिल्लांकडे पाहून तापमान ओळखणे सांगितले नाही. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, चोची उघड्या टाकून कडेला सरकली असतील तर उष्णता जास्त आहे, आणि सर्वत्र सारखी विखुरलेली असतील तर ऊब बेताची आहे. निफाडच्या गारठ्यात शेड चालवणाऱ्याने रात्री पडदे पूर्ण बंद केले तर आत अमोनिया साचतो आणि पक्ष्यांचे डोळे व श्वास बिघडतो. वरून हवेला वाट ठेवूनच ऊब राखावी लागते. मानमोडीविरुद्ध (राणीखेत रोगाविरुद्ध) पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब पिल्लाच्या डोळ्यात कसा टाकायचा, हे प्रत्यक्ष पाहायची सर्वांची इच्छा होती, आणि केंद्राच्या आवारात पिल्ले असूनही ते दाखवले गेले नाही. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आल्यानंतर संपूर्ण उत्तर महाराष्ट्राने जी झळ सोसली, ती लक्षात घेता शेडच्या दारातील चुन्याचे पाय-कुंड आणि बाहेरच्या माणसांना मज्जाव यांवर एक पूर्ण तास द्यायला हवा होता.

बसण्याची व्यवस्था, जेवण आणि स्वच्छता यांविषयी तक्रार नाही. प्रमाणपत्र मिळते, परंतु कर्जप्रकरणासाठी ते चालेल का, हे प्रत्येकाने आपल्या बँकेत आधी विचारून घ्यावे. गाय-म्हैस किंवा शेळी पाळायची असेल तर नाव नोंदवावे, जाताना स्वतःची वही न्यावी आणि गोठ्यातल्या सत्रांना पहिल्या रांगेत उभे राहावे. केवळ ब्रॉयलरसाठी येणाऱ्याने मात्र आधी एखाद्या चालू शेडवर पिल्ले उतरण्यापासून माल उचलेपर्यंतची एक पूर्ण बॅच जवळून पाहावी आणि मगच या वर्गाचा विचार करावा.