फील्ड सर्व्हिसचं ॲप: कॉल वाटायला झकास, कॉल बंद करायला डोक्याला ताप

आमचं एसी रिपेअर आणि एएमसीचं (वर्षभराच्या मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्टचं) काम, पिंपरी-चिंचवड साइडला. टेक्निशियन, हेल्पर धरून छोटीशीच टीम. मागच्या सीझनच्या आधी व्हॉट्सॲप ग्रुप आणि जॉब शीटची पॅडं बाजूला ठेवून हे ॲप घेतलं, पोरांना कस्टमरकडची कामं, म्हणजे आमच्या भाषेत 'कॉल', वाटायला आणि बंद करायला. नाव टाकत नाहीये कारण खाली कुरकुर बरीच आहे, आणि डेमो बघितलेल्या बाकीच्या ॲपांतपण उन्नीस-बीस हेच होतं.

यूट्यूबवर जेवढे रिव्ह्यू आहेत ते सगळे कॅलेंडरचे. कोणाला कुठला कॉल, मॅपवर कोण कुठे फिरतोय, बोटाने सरकवला की कॉल दुसऱ्याच्या नावावर. ते चांगलंच आहे, वाद नाही. पण पैसा अडकतो तो काम झाल्यावर. पोरगं काम करून पुढच्या साइटला गेलेलं असतं आणि इकडे कॉल लटकलेला, बिल नाही, पार्ट कुठला टाकला माहीत नाही, पैसे कॅश दिले का स्कॅन केले तेही माहीत नाही. हा रिव्ह्यू फक्त तेवढ्या भागाचा.

आधी चांगलं सांगतो. यात कॉल दोनदा बंद होतो. टेक्निशियन 'काम झालं' दाबतो, मग ऑफिसमधली आमची को-ऑर्डिनेटर ताई पार्ट, पैसे, फोटो बघते आणि ती 'क्लोज' करते, तेव्हाच बिल पडतं. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स फील्ड सर्व्हिसमध्येपण असंच आहे, तिथे टेक्निशियन कम्प्लिटेड करतो आणि नंतर ऑफिसवाले पोस्टेड करतात. सुरुवातीला पोरं म्हणाली हे डबल काम कशाला, पण ५० एमएफडीचा कॅपॅसिटर टाकलाय आणि एन्ट्री ३५ ची झालीय हे बिल जायच्या आधी कळलं तर ठीक, बिल गेल्यावर कस्टमरला समजावत बसा मग. एकाच बटणात सगळं बंद करणारं ॲप कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

आता ओटीपी. कॉल बंद करायला कस्टमरच्या फोनवर कोड येतो, तो टेक्निशियनने टाकायचा. ऐकायला मस्त. प्रत्यक्षात फ्लॅट भाड्याने दिलेला, नंबर मालकाचा आणि मालक दुबईत. नाहीतर घरी आजी एकट्या, नंबर मुलाचा आणि मुलगा हिंजवडीत मीटिंगमध्ये, फोन उचलत नाही. पोरगं बॅग भरून दारात उभं, "आजी, दादाला परत एक फोन लावता का", आजी बिचाऱ्या चहा ठेवू का विचारतायत आणि पुढचा कस्टमर तिकडून आमच्या नावाने शंख करतोय. शेवटी आम्ही सेटिंगमध्ये जाऊन ओटीपी फक्त एएमसी आणि कंपनीच्या कॉलना ठेवला, घरगुतीला स्क्रीनवर बोटाने सही. हे सेटिंग आहे, पण डिफॉल्टला सगळ्यांना ओटीपी चालू असतो आणि सेटिंग कुठे आहे ते सपोर्टला विचारल्याशिवाय सापडत नाही.

नेटवर्कचा विषय याहून वाईट. बेसमेंट, सर्व्हर रूम असल्या ठिकाणी रेंज नसते. ॲप ऑफलाइन चालतं हे खरं, पण काम संपल्याची वेळ ते नेट आल्यावरची धरतं. म्हणजे पोराने तासाभरात जेट सर्व्हिस उरकली, आउटडोअर धुतलं, सगळं केलं, वर येऊन जेवला, मग डेटा चालू केला, तर रिपोर्टमध्ये त्या कॉलला अडीच तास. त्या रिपोर्टवर इन्सेंटिव्ह ठरवायला गेलात तर भांडण फिक्स. सपोर्टला सांगितलं, म्हणाले रोडमॅपवर आहे. असू दे रोडमॅपवर.

कम्पल्सरी फील्डची तर गंमतच आहे. चार फोटो टाकल्याशिवाय कॉल पुढे जात नाही, मग पोरं चौथा फोटो फरशीचा काढतात. शेरा कमीत कमी दहा अक्षरी पाहिजे, मग "ओकेओकेओकेओकेओके". गॅस प्रेशरचा रकाना भरावाच लागतो पण त्यात काय भरलं ते ॲप बघत नाही, आर ३२ गॅसच्या मशीनला सक्शन प्रेशर ६५ टाकलं तरी गपगुमान घेतं. ६५ हे जुन्या आर २२ गॅसचं झालं, आर ३२ ला त्याच्या दुपटीच्या आसपास लागतं. एकतर गॅस कमी आहे नाहीतर गेज न लावताच आकडा ठोकलाय, आणि दोन्ही केसमध्ये आठ दिवसांनी "कूलिंग नाही" म्हणून फोन येणार. आम्ही रकाने कमी केले, दोनच फोटो आणि अँपिअर-प्रेशर, आणि ते आकडे ताई स्वतः बघते.

बिलाची तारीख पण बघून घ्या. ॲप क्लोज केल्याची तारीख बिलावर टाकतं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी कस्टमरने यूपीआय केलं आणि कॉल दोन तारखेला क्लोज झाला की बिल पुढच्या महिन्यात, पण सर्व्हिसचे पैसे आधी आले तर जीएसटी पैसे आलेल्या तारखेचा धरतात. आमचे सीए यावर चांगलेच वैतागले. आता महिनाअखेरीला ताई रात्री बसून सगळे पैसे आलेले कॉल क्लोज करते, ॲपमध्ये तारीख बदलायची सोयच नाही.

आणि एक, बल्क क्लोज. पन्नास कॉल टिक करा, एका झटक्यात बंद. त्या बटणाला हात लावायच्या आधी 'पार्ट पेंडिंग'वाले फिल्टर लावून बाहेर काढा, कारण ॲप तेही बंद करतं आणि वर कस्टमरला मेसेज पाठवतं की आपलं काम पूर्ण झालं आहे, रेटिंग द्या. ज्याच्या एसीचा पीसीबी (सर्किट बोर्ड) अजून ऑर्डरलाच आहे आणि घरात पंख्यावर दिवस काढतोय तो काय रेटिंग देणार! आम्ही ॲडमिनशिवाय बाकी सगळ्यांचं ते बटण बंद करून टाकलंय.

मराठी नाही, हिंदी आहे, पोरांना चालतं. बॅटरी खातं.

घ्यायचं असेल तर डेमोला सेल्सवाल्याचा लॅपटॉप बघत बसू नका, ॲप स्वतःच्या फोनवर घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाका, एक कॉल उघडा, पार्ट लावा, अर्धे पैसे कॅश अर्धे उधारी दाखवा, काम झालं करा, मग नेट चालू करून वेळ आणि स्टॉक तपासा. नंतर तोच कॉल रीओपन करा आणि बघा जुन्या बिलाला जोडलेला राहतो का नवीन नंबर पडतो, कारण रिपीट कम्प्लेंट फुकट करायची का नाही ते त्यावरून ठरतं. आमच्याकडे जोडलेला राहतो, त्या एका गोष्टीसाठी सध्या हेच चालू ठेवलंय, पण वर्षाचा प्लॅन न घेता महिन्याचाच.

पाचात तीन स्टार. वेळेचं दुरुस्त केलं तर चार करेन.