डी३५०० की २००डी मार्क टू? आधी छताकडे बघा

पहिला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आरशाचा कॅमेरा) घ्यायचाय, खिसा बेताचा आहे आणि फोटो काढायचेत ते लेण्यांचे, जुन्या देवळांचे, जत्रांचे. अशा माणसाची गाडी बहुधा निकॉन डी३५०० आणि कॅनन २००डी मार्क टू या दोघांपाशी येऊन थांबते. तीन वर्षांपूर्वी माझीही थांबली होती. मेगापिक्सेल दोन्हीकडे २४च्या आसपास आहेत, तेव्हा त्यात वेळ घालवू नका.

डी३५०० हातात घेतला की लगेच आवडतो. ग्रिप खोल आहे, बोटं नीट बसतात, वजनही हलकं. बॅटरी कंपनीच्या आकड्यानुसार १५५० फोटो चालते, कॅननची १०७०. निलंग्याच्या नीलकंठेश्वराला सकाळी निघून रात्री घरी येणाऱ्याला हा फरक जाणवतो. अंधारे कोपरे नंतर कॉम्प्युटरवर उजळले तेव्हा मला निकॉनच्या फायलीत दाणे (कमी उजेडातल्या फोटोवर येणारे रवाळ ठिपके) कमी दिसले. अर्थात हा माझ्या डोळ्यांचा अंदाज, मोजमाप नव्हे.

तरी मी तो घेतला नाही. कारण अजिंठा.

कॅमेरा घेण्याआधी भाच्याचा एक जुना कॅमेरा घेऊन तिथे गेलो होतो. त्याचा स्क्रीन मागे पक्का बसवलेला होता. दुसऱ्या क्रमांकाच्या लेणीचं छत चित्रांनी भरलेलं आहे. फ्लॅशला बंदी, उजेड कमी, मागून माणसांचा लोंढा. जमिनीवर आडवं पडायला जागा नाही आणि मान वर करून व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीला, डोळा लावला की मणक्यातून कळ निघायची. शेवटी कॅमेरा उताणा धरून अंदाजाने बटण दाबत राहिलो. घरी येऊन बघतो तर एकही चौकट सरळ नाही. छतावरच्या नक्षीत बोटभर तिरकेपणा आला तरी तो डोळ्यात खुपतो. पुन्हा जाण्यात एक अख्खा रविवार गेला.

डी३५००चा स्क्रीनही असाच जागचा हलत नाही. २००डी मार्क टूचा बाजूला उघडतो आणि फिरतो. कॅमेरा छातीशी उताणा धरायचा, स्क्रीन आपल्याकडे वळवायचा, बोट टेकवलं तिथे फोकस होतो. कैलास लेण्याच्या जोत्यावरचे हत्ती काढतानाही तेच: कॅमेरा जमिनीलगत आणि आपण नुसते वाकलेले. स्क्रीनवर बघून फोटो काढताना कॅननचा फोकस चपळ आहे. निकॉनचा तिथे चाचपडतो, व्ह्यूफाइंडरमधून मात्र चांगला चालतो.

याची किंमतही सांगायला हवी. स्क्रीनवर बघून काढले तर कॅननची बॅटरी साधारण ३२० फोटोंवर येते. म्हणून मी जादा बॅटरी सोबत ठेवतो.

कीर्तन किंवा भारूड रेकॉर्ड करायचं असेल तर कॅननला बाहेरचा माइक जोडता येतो, डी३५००ला ती सोयच नाही. लेन्सचंही बघा. कॅननची कोणतीही ईएफ (कॅननच्या ऑटोफोकस डीएसएलआरसाठीची) लेन्स, जुनी असली तरी, यावर ऑटोफोकस करते. डी३५००च्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नाही, त्यामुळे निकॉनच्या जुन्या, स्वतःची मोटर नसलेल्या ‘डी’ लेन्स हातानेच फोकस कराव्या लागतात. स्वस्तात जुनी लेन्स मिळाली तर घेण्याआधी एवढं तपासा.

घरात आधीच निकॉनच्या लेन्स असतील तर डी५६०० बघा, त्याचा स्क्रीन फिरतो. आणि तुम्ही फक्त पक्षी किंवा माणसांचे फोटो काढणार असाल, पैठणच्या नाथसागर जलाशयावर जाणं-येणं असेल, तर डी३५०० तुम्हाला बहुधा जास्त आवडेल. त्याचं उत्पादन निकॉनने थांबवलंय, त्यामुळे सेकंडहँडच शोधावा लागेल. शटर किती वेळा पडलंय ते विचारून घ्या.

दोन्ही कॅमेरे हाताशी आले की एकदा डोक्यावरच्या पंख्याकडे रोखा आणि पंखा चौकटीच्या मधोमध आणून बघा.