ग्राउंड ऑर्किड, इंदुरात : वर्षभर सांभाळल्यावर

युरोपातल्या दलदलीतल्या जांभळ्या ऑर्किडचे फोटो बघून तसंच काही गच्चीत लावायचं मनात असेल, तर ते इंदुरात जमायचं नाही. त्या ऑर्किडचा, म्हणजे डॅक्टिलोऱ्हायझाचा, कंद हिवाळाभर जमिनीत गारठून झोपतो, तशी थंडी माळव्यात कुठली? त्याचा हिमालयातला भाऊबंद सालमपंजा, तोही अडीच हजार मीटरच्या वरच्या कुरणांतला. औषधासाठी त्याचे कंद आधीच इतके उपटले गेलेत की कोणी 'घरी लावा' म्हणून विकत असलं तरी घेऊ नये.

मी आणलं ते स्पॅथोग्लॉटिस. नर्सरीत ग्राउंड ऑर्किड म्हणूनच मागायचं. पानं चुण्या पडलेली, थेट नारळाच्या कोवळ्या रोपासारखी, त्यामुळे फूल येईपर्यंत घरात कुणाचा विश्वास बसत नाही.

ओल हवी पण पाणी तुंबायला नको, एवढं सांभाळलं की अर्धं काम झालं. आपली काळी माती इथे अजिबात नको. ओली झाली की चिखल, वाळली की भेगा. कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे, एवढ्यावर झाड खूश आहे. गड्डा मातीच्या वर अर्धा दिसेल असा ठेवायचा, पूर्ण पुरला तर कुजतो. कुंडीखाली पाण्याचं ताट ठेवायचा सल्ला मिळतो, पण पावसाळ्यात त्यात डासच होतात.

फुलं मात्र पैसा वसूल! दांड्यावर खालून वर एकेक उघडत जातं, आणि वरच्या कळ्या मिटलेल्या असतानाच खाली हिरव्या शेंगा लोंबायला लागतात. बरीचशी फुलं आपलीआपणच फळतात, त्यामुळे एकेक फूल फार टिकत नाही. दांडा मात्र कित्येक आठवडे चालतो. दांड्यावर मुंग्या फिरताना दिसल्या तर लगेच फवारणी करू नका. कळ्यांपाशी गोड रस पाझरतो, त्यासाठी त्या येतात. मावा किंवा खवले किडे आहेत का, तेवढं पानामागे बघून घ्या.

खरी परीक्षा एप्रिल-मे. लू लागली की पानांची टोकं जळतात, आणि कोरड्या हवेत लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) येतो. दुपारी हिरवी जाळी, सकाळी भरपूर पाणी. पानांवर पाणी मारायचं तर तेही सकाळीच, रात्रभर ओली राहिली की काळे डाग पडतात. थंडीत वाढ जवळजवळ थांबते. तेव्हा पाणी कमी, खत बंद.

कुंडी भरली की पावसाळ्याच्या तोंडावर गड्डे वेगळे करता येतात, दोन-तीन एकत्र ठेवून. यंदा शेजारच्या काकूंना एक जुडगा दिला. त्यांच्याकडे थेट ऊन येत नाही. पानं हिरवीगार, दांड्याचा पत्ता नाही. सकाळचं तीन-चार तासांचं ऊन नसेल, तर पैसे घालवू नका.