अँकोट्सच्या गिरणीतलं घर: विटांना भुलण्याआधी काय तपासाल

मँचेस्टरमध्ये घर शोधणाऱ्यांना तिथल्या अँकोट्स भागातल्या जुन्या सूतगिरण्यांतले फ्लॅट पाहताक्षणी आवडतात. रॉचडेल कालव्याकाठच्या मरेज मिल्सची सुरुवात १७९८ची. आपल्या गिरणगावात बहुतेक गिरण्या पाडून टॉवर उठले. इथे मूळ भिंती आणि खांब राखून घरं केली, याचं मनापासून कौतुक आहे. पिकॅडली स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर. भाड्याने राहायला अशी घरं झकास. विकत घेताना मात्र घाई नको.

आधी स्वयंपाकघर. इमारत संरक्षित असल्यामुळे दर्शनी भिंतीला नवं भोक पाडायला परवानगी लागते. म्हणून काही घरांत चिमणी धूर बाहेर टाकतच नाही; कोळशाच्या फिल्टरमधून हवा घरातच परत सोडते. स्वयंपाकघराला वेगळी भिंत नसल्याने मिरचीची फोडणी थेट कपाटातल्या कोटांना लागते. चिमणीवरचं कपाट उघडून बघा: बाहेर जाणारी नळी नसेल आणि रोजचा स्वयंपाक आपला असेल, तर ते घर सोडा.

विटांची भिंत भरीव असते, मधे पोकळी नसते. वीट उघडी ठेवायची म्हणजे आतून इन्सुलेशन नाही. हिवाळ्यात ती गार पडते आणि भाताची, ओल्या कपड्यांची वाफ तिथेच धरते. कपाटं भिंतीपासून ५-७ सेंटीमीटर पुढे ठेवा, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राखा. विटेवर प्लास्टिक पेंट किंवा सांध्यात सिमेंट अजिबात नको. जुना चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती अडवतं, मग विटेचा पापुद्रा सुटतो. ओतीव लोखंडाच्या खांबाला तर भोक पाडूच नका, ते लोखंड ठिसूळ असतं.

आवाजाचं बघाल तर जुन्या गिरण्यांत बऱ्याचदा लाकडी तक्तपोशी असते. वरच्यांचं चालणं खाली ऐकू येतं. रूपांतरित घरांसाठी इंग्लंडचा नियम असा: मजल्याने बोलण्या-गाण्याचा आवाज किमान ४३ डेसिबल अडवावा, पावलांचा आवाज खाली ६४ डेसिबलपेक्षा जास्त पोचू नये. त्या चाचणीचा कागद मागा. वरचा मजला मिळाला तर उत्तम.

गिरणीची रुंदी जास्त असल्याने आतल्या बाजूच्या बेडरूमला कधीकधी खिडकीच नसते, काचेच्या पार्टिशनमधून येईल तेवढाच उजेड. दुपारी दिवे बंद करायला सांगून बघा. एकपदरी जुन्या काचेला आतून दुसरं तावदान बसवलंय का, तेही पाहा. नसेल तर हीटरचं बिल चढतं; त्यात उंच छतामुळे ऊब वरच अडकते.

विकत घेताना मागच्या ३ वर्षांचा सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा आपला वाटा), मोठ्या दुरुस्त्यांच्या राखीव निधीतली शिल्लक आणि लीजची, म्हणजे फ्लॅट ज्या ठरावीक मुदतीच्या पट्ट्यावर मिळतो त्याची, उरलेली वर्षं वकिलाकडून लेखी घ्या. अशा इमारतीत विटांचे सांधे भरायचं काम निघालं, की खर्च सगळ्या घरमालकांत वाटला जातो.