गाउटची गाठ विरघळतेय का? सोनोग्राफी की ड्युअल एनर्जी सीटी

गाउट म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक (युरेट) सांध्यात साठून होणारा आजार. युरिक ॲसिड 6 च्या खाली आलंय, ते कमी करणारी गोळी रोज चालू आहे, पण सांध्यात साठलेलं युरेट खरंच कमी होतंय का, हे कळायला हवं. त्यासाठी सोनोग्राफी आणि ड्युअल एनर्जी सीटी हे दोन पर्याय पुढे येतात. एक्स-रे मी धरतच नाही, हाड कुरतडलं गेल्याशिवाय त्यात फारसं काही दिसत नाही. बाकीच्या दोन्ही तपासण्या मी स्वतः करून घेतल्या आहेत.

गाउट आहे की नाही एवढंच ठरवायचं असेल, तर भांडण नाही. गाउट ठरवायच्या 2015 च्या अमेरिकन-युरोपीय निकषांत दोन्हींना सारखेच गुण आहेत. फरक पडतो तो उपचारांचा हिशेब ठेवताना.

सोनोग्राफी स्वस्त, किरणोत्सर्ग नाही, दहा-पंधरा मिनिटांत मोकळे. डॉक्टरांनी गुडघा पूर्ण वाकवायला लावला, प्रोब ठेवला आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: हाडाची पांढरी रेघ, वर कूर्चेचा काळा पट्टा, आणि त्याच्यावर आणखी एक पांढरी रेघ. हेच युरेटचे स्फटिक, याला ‘डबल कॉन्टूर’ म्हणतात. औषध लागू पडलं की ही रेघ काही महिन्यांत पुसट होत जाते. नॉर्वेतल्या नॉर-गाउट अभ्यासातही उपचारांचा परिणाम सोनोग्राफीने पाहिला होता.

माझं घोडं अडलं ते पायाच्या अंगठ्यावरच्या गाठीपाशी. पहिल्या वेळी ती 14 मिलिमीटर भरली. सहा महिन्यांनी दुसऱ्या सेंटरला, दुसऱ्या डॉक्टरांच्या हातून, 17! युरिक ॲसिड तर 5.1 होतं. पथ्य सांभाळून, गोळी न चुकवता गाठ वाढली कशी, या विचाराने मी खचलो आणि गोळी बंद करण्यापर्यंत आलो होतो. डॉक्टरांनी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवल्या, तेव्हा कळलं की एकात प्रोब उभा होता, दुसऱ्यात तिरका. त्या प्रिंटवरून गाठ नव्याने मोजायची सोय नव्हती. घरी येऊन गोळी घेतली, पण ते आकडे डोक्यातून जाईनात.

ड्युअल एनर्जी सीटीत हा घोळ मला दिसला नाही. दोन वेगळ्या ऊर्जेच्या किरणांनी युरेट वेगळं ओळखू येतं. माझ्या स्कॅनमध्ये ते हिरवं दाखवलं होतं, आणि संगणकाने सगळ्या पायातल्या साठ्याचं घनफळच दिलं. वर्षाच्या अंतराने 1.9 चं 0.8 घन सेंटीमीटर झालं. शंका आली तर तेच स्कॅन पुन्हा उघडून मोजता येतं.

उणिवा आहेत. खर्च जास्त, आणि मला त्यासाठी नाशिकहून मुंबई गाठावी लागली. नखं आणि जाड झालेली कातडीही हिरवी दिसू शकते, त्यामुळे रेडिओलॉजिस्ट जाणकार हवा. आजार नवा असेल, साठा बारीक असेल, तर स्कॅन कोरं येऊ शकतं. तिथे सोनोग्राफीच बरी, मात्र दर वेळी एकाच डॉक्टरांकडून.

पण हाताला लागणारी गाठ असेल तर, तुमच्या डॉक्टरांशी बोलून, शक्य झाल्यास उपचारांच्या सुरुवातीलाच एक सीटी करून ठेवावी असं मला वाटतं. तिची सीडी जपून ठेवा. वर्षाने जाल तेव्हा ती सोबत न्या, आणि मशीन व सेटिंग तेच ठेवायला आवर्जून सांगा.