ट्रेड फळला की नुसता भासला? एनएचएलच्या आकडेवारी-साइट्सची पारख

एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीच्या लीगमध्ये, एखादा खेळाडू संघ बदलल्यावर चमकला की दोन वाक्यं ठरलेली असतात. जुन्या संघाला त्याची किंमत कळली नाही, आणि नव्या संघानं त्याचं सोनं केलं. दोन्ही वाक्यं कधी खरी असतात, कधी अर्धीच खरी. शहानिशा करायला लागणारे आकडे फुकट मिळतात, पण ते एका जागी नाहीत आणि प्रत्येक साइटची एक खोड आहे. इथे चार साइट्स एकाच प्रश्नावर घासून पाहिल्या आहेत: ट्रेडनंतर खेळाडू खरंच बदलला, की फक्त त्याच्याभोवतीचं बदललं?

(मैदानी हॉकीवर वाढलेल्यांसाठी एवढंच: इथे ट्रेडमध्ये खेळाडू करारासकट जातो, आणि बदल्यात दुसरे खेळाडू किंवा पुढच्या ड्राफ्टमधल्या (तरुण खेळाडूंना क्रमानं निवडून घेण्याच्या प्रक्रियेतल्या) निवडी येतात. त्याला विचारावं लागतंच असं नाही.)

सुरुवात हॉकी रेफरन्सपासून करावी. दिसायला जुनाट, जाहिरातींनी भरलेली, पण या कामाला तिच्याइतकी सरळ साइट नाही. हंगामाच्या मध्यात संघ बदललेल्या खेळाडूच्या तक्त्यात प्रत्येक संघाची वेगळी ओळ असते आणि सोबत एक एकत्रित ओळ. गंमत या वेगळ्या ओळींत आहे.

जो थॉर्न्टन घ्या. ३० नोव्हेंबर २००५ रोजी बॉस्टननं त्याला सॅन होजेला दिलं आणि बदल्यात मार्को श्टुर्म, ब्रॅड स्टुअर्ट आणि वेन प्रिमो घेतले. त्या हंगामात थॉर्न्टननं १२५ गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलाला केलेली मदत, यांची बेरीज) केले आणि हार्ट (सर्वांत मोलाचा खेळाडू) व आर्ट रॉस (सर्वाधिक गुण) हे दोन्ही मान मिळवले. हंगामाच्या मध्यात संघ बदलून हार्ट जिंकणारा तो एकमेव. दंतकथा अशी की बॉस्टनमधून सुटला आणि फुलला. ओळी मात्र सांगतात: बॉस्टनकडून २३ सामन्यांत ३३ गुण, सॅन होजेकडून ५८ सामन्यांत ९२. म्हणजे सामन्यामागे १.४३ आणि १.५९. वाढ आहे, पण तो बॉस्टनमध्येही लीगच्या वरच्या फळीतच खेळत होता. खरा फुलला तो त्याच्या उजव्या हाताला खेळणारा जोनाथन चीचू. २००३-०४ मध्ये २८ गोल, २००५-०६ मध्ये ५६, आणि पुढच्या हंगामात ३७. चीचू कुठेही गेला नव्हता, ट्रेड त्याच्याकडे चालत आला होता. ट्रेडचा हिशेब मांडताना फक्त गेलेल्या-आलेल्यांची पानं उघडली, तर ही ओळ हुकते. म्हणून नव्या संघाचं त्या हंगामाचं पानही उघडून ठेवायचं.

हॉकी रेफरन्सची दुसरी ताकद म्हणजे जुना काळ. ६ जून १९८६ ला व्हँकूव्हरनं कॅम नीली आणि पहिल्या फेरीची निवड देऊन बॉस्टनकडून बॅरी पीडरसन घेतला. आधीच्या हंगामात नीलीचे १४ गोल होते, बॉस्टनमध्ये पहिल्याच हंगामात ३६. दहा वर्षांनी तेच व्हँकूव्हर दुसऱ्या बाजूला होतं: मार्च १९९६ मध्ये पिट्सबर्गनं ॲलेक स्टोयानॉव्हसाठी मार्कस नॅसलंड सोडला. नॅसलंडनं व्हँकूव्हरसाठी ३४६ गोल केले, स्टोयानॉव्हचे एनएचएल कारकिर्दीतले गोल दोन. असे सौदे समजायला गोल आणि सामने एवढेच रकाने पुरतात, आणि या काळासाठी दुसरं फारसं काही मिळतही नाही. शॉट्सचे तपशीलवार आकडे २००७-०८ पासूनचेच आहेत. त्यामुळे थॉर्न्टनच्या ट्रेडवर कुणी ‘अपेक्षित गोल’ (शॉट्सच्या दर्जावरून किती गोल व्हायला हवे होते त्याचा अंदाज) सांगायला लागला, तर त्याला ते आकडे कुठून आणले हे जरूर विचारा.

साइटचा अवघड भाग म्हणजे शोध. ‘ट्रेडनंतर गुण दुप्पट झालेले सगळे’ असली यादी हवी असेल तर स्टॅटहेड नावाची सशुल्क सेवा घ्यावी लागते. एकेका खेळाडूपुरतं काम असेल तर पैसे घालवू नका.

आता मुख्य साइट: नॅचरल स्टॅट ट्रिक. पहिल्यांदा उघडली की घाबरायला होतं. रकाने पन्नासच्या घरात, नावं सगळी आद्याक्षरांत. पण ‘का?’ या प्रश्नाला सगळ्यात जवळ हीच नेते. ट्रेडच्या तपासणीसाठी तिचा वापर असा करा.

खेळाडूंच्या तक्त्यावर जा आणि वरच्या गाळणीत परिस्थिती ‘५ विरुद्ध ५’ ठेवा. आकडे एकूण नकोत, दर ६० मिनिटांमागे हवेत. किमान मिनिटांची अट २०० च्या खाली आणू नका, नाहीतर तीन सामने खेळलेला कुणीतरी यादीत पहिला येतो. मग तारखांच्या चौकटी: एकदा हंगामाच्या सुरुवातीपासून ट्रेडच्या आदल्या दिवसापर्यंत, एकदा ट्रेडच्या दिवसापासून शेवटपर्यंत. दोन्ही तक्ते उतरवून शेजारी ठेवा. वैयक्तिक तक्त्यात शॉट्स, अगदी जवळून मिळालेल्या संधी आणि अपेक्षित गोल बघायचे. हे वाढले असतील तर खेळाडूच्या खेळात किंवा त्याला मिळणाऱ्या जागेत काहीतरी खरंच बदललंय. हे तसेच आणि फक्त गोल वाढले असतील, तर शूटिंग टक्केवारीकडे संशयानं बघा. लीगमध्ये साधारण दहा शॉटमागे एक गोल होतो. त्याच्या फार वरचा आकडा फार थोड्यांना टिकवता येतो.

दुसरा, ‘ऑन-आइस’ तक्ता सांगतो तो बर्फावर असताना संघाचं काय झालं. इथला पीडीओ हा रकाना सगळ्यात आधी बघा. संघाची शूटिंग टक्केवारी आणि गोलरक्षकाची बचाव टक्केवारी यांची ती बेरीज. तिचा मध्य १.०००. नव्या संघात १.०३० आणि जुन्यात ०.९७० दिसलं, तर बराचसा ‘कायापालट’ नशिबाचा आणि गोलरक्षकाचा असतो. बाजूलाच त्याच्या सुरुवातींपैकी किती आक्रमक भागात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलाकडे, झाल्या ते प्रमाण असतं. प्रशिक्षकानं कुणाला कुठे उतरवलं ते त्यात उघड होतं.

प्लस-मायनसवर (खेळाडू बर्फावर असताना संघानं केलेले गोल वजा खाल्लेले गोल) तर अजिबात विसंबू नका. रायन ओ’रायली २०१७-१८ मध्ये बफेलोत उणे २३ होता. १ जुलै २०१८ ला सेंट लुइसला गेला आणि २०१८-१९ मध्ये अधिक २२. सेल्की (उत्तम बचाव करणारा फॉरवर्ड), कॉन स्माइथ (प्लेऑफमधला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतला, सर्वांत मोलाचा खेळाडू) आणि स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद) त्याच हंगामात. पण बफेलोतल्या त्याच शेवटच्या हंगामात त्यानं ६० टक्के फेसऑफ (खेळ सुरू करताना पक, म्हणजे खेळाची चकती, मिळवण्याच्या झटापटी) जिंकले होते आणि गुण ६१ होते. सेंट लुइसमध्ये ७७. माणूस तोच होता, शेजारी बदलले होते.

सगळ्यात चांगला नमुना सॅम राइनहार्टचा. जुलै २०२१ मध्ये बफेलोनं त्याला फ्लोरिडाला दिलं आणि गोलरक्षक डेव्हन लेवी व पहिल्या फेरीची एक निवड घेतली. २०२३-२४ मध्ये राइनहार्टचे ५७ गोल, अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यातला निर्णायक गोल त्याचाच, आणि २०२५ च्या अंतिम फेरीतल्या शेवटच्या सामन्यात चार गोल. बफेलोवर हसायला एवढं पुरेसं आहे. आता आकडे क्रमानं ठेवा. बफेलोतला शेवटचा, लहान झालेला हंगाम: ५४ सामने, २५ गोल. फ्लोरिडातला पहिला: ७८ सामन्यांत ३३. दुसरा: ८२ सामन्यांत ३१. सामन्यामागे गोल ०.४६ वरून ०.४२ आणि मग ०.३८ वर उतरले! वाढले ते असिस्ट, ५४ सामन्यांत १५ वरून ७८ सामन्यांत ४९. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत फ्लोरिडानं त्याला गोल करायला शिकवलं नाही. त्यानं दिलेला पक जाळ्यात घालणारी माणसं दिली. ५७ गोलांच्या हंगामात २७ गोल पॉवर प्लेवर (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) आले, आणि २३३ शॉट्सवर शूटिंग टक्केवारी २४.५ होती. पुढच्या हंगामात ७९ सामन्यांत ३९, म्हणजे ०.४९. बफेलोतल्या शेवटच्या वेगाच्या थोडं वर. राइनहार्ट उत्तम खेळाडू आहे यात वाद नाही, पण तो बफेलोतही जवळपास एवढाच होता.

कारणाचा पुढचा थर उकलायला नॅचरल स्टॅट ट्रिकचं ‘लाइन टूल’ वापरा: दोन खेळाडू एकत्र असताना आणि वेगळे असताना संघाचे आकडे काय होते ते ते दाखवतं. एकत्र मिनिटं शंभराच्या आत असतील तर तो आकडा नुसता वाचून सोडून द्या. दहा सामन्यांच्या भरवशावर निवाडा करायचा मोह किती फसवा असतो, ते सॅम बेनेटकडे बघून कळतं. एप्रिल २०२१ मध्ये कॅलगरीनं त्याला फ्लोरिडाला दिलं तेव्हा ३८ सामन्यांत १२ गुण होते. फ्लोरिडात पहिल्या १० सामन्यांत १५. दोन्ही आकडे खोटे ठरले. पुढच्या पूर्ण हंगामात ७१ सामन्यांत ४९, सामन्यामागे ०.६९. तरीही ते कॅलगरीच्या दुप्पट होतं, आणि त्याला कारण होतं: फ्लोरिडात त्याला दुसऱ्या लाइनचा (एकत्र उतरणाऱ्या तीन आक्रमकांच्या गटाचा) सेंटर, म्हणजे मधला खेळाडू, केलं, शेजारी जोनाथन ह्युबर्डो दिला. २०२५ च्या प्लेऑफमध्ये १५ गोल आणि कॉन स्माइथ हे या भूमिकेचं फळ.

तिसरी साइट मनीपक. पाहायला सुंदर, सामन्याच्या दिवशी जिंकण्याच्या शक्यता दाखवते, पण आपल्याला हवा तो तिचा डाउनलोडचा भाग. २००८-०९ पासूनच्या फाइली सीएसव्ही स्वरूपात, फुकट. स्प्रेडशीट हाताळता येत असेल तर हा खजिनाच आहे, पण तीन खड्डे सांभाळा. प्रत्येक खेळाडूच्या अनेक ओळी असतात, एकेका परिस्थितीची एक. त्यात ‘सर्व’ अशीही एक ओळ असते. गाळणी न लावता बेरीज केली तर सगळं दुप्पट होतं. दुसरं, बर्फावरचा वेळ सेकंदांत आहे. दर ६० मिनिटांचा आकडा काढायला ३,६०० नं भागून मग भागाकार करा. तिसरं, हंगामाच्या गोषवाऱ्यावर न थांबता सामनानिहाय फाइल घ्या आणि ट्रेडच्या तारखेवर स्वतः गाळा.

या दोन्ही साइट्सच्या अपेक्षित गोलांची एक मर्यादा सारखीच आहे. मूळ नोंद एनएचएलची: शॉट कुठून, कसा, आधीच्या घटनेनंतर किती सेकंदांनी. शॉटच्या आधीचा पास आडवा होता का, गोलरक्षकाच्या डोळ्यांसमोर कुणी उभं होतं का, हे त्यात नसतं. राइनहार्टसारखा गोलाच्या तोंडाशी उभा राहून उत्तम पास झेलणारा खेळाडू म्हणूनच या मॉडेलांपेक्षा सतत जास्त गोल करताना दिसतो. आणि हिट्स (अंगावरच्या धडका), गिव्हअवे (हातचा पक गमावणं) यांची नोंद मैदानागणिक बदलते, कारण ती माणसं करतात. ट्रेड झालेल्या खेळाडूचे घरचे सामने नव्या नोंदणीदारांसमोर होतात. ‘तिकडे जाऊन जास्त आक्रमक झाला’ असं हिट्सच्या आधारे लिहिणारे इथे हमखास घसरतात.

चौथी पकपीडिया, कारण ट्रेड हा पगाराचाही मामला असतो. कॅपफ्रेंडली ही करार-पगारांची लाडकी साइट २०२४ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सनं विकत घेतली आणि जुलैत बंद झाली. आता सर्वसामान्यांची मदार मुख्यतः हिच्यावर. करार, वर्षं, ट्रेडनंतरही जुना संघच भरत राहतो तो पगाराचा हिस्सा (कमाल ५० टक्के) सगळं मिळतं. डॉलर मात्र थेट तोलू नका, कॅपच्या (संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या) टक्क्यांत तोला. बेनेट २०२१-२२ मध्ये ४४.२५ लाख डॉलरवर होता, कॅप ८.१५ कोटी: ५.४ टक्के. नव्या करारात ८० लाख, २०२५-२६ चा कॅप ९.५५ कोटी: ८.४ टक्के. पगार जवळपास दुप्पट झाला, कॅपमधला वाटा दीडपटीच्या जरा वर.

चारही साइट्स मिळूनही एक गोष्ट देत नाहीत. जॅक आयकेलच्या मानेतल्या चकतीवर कृत्रिम चकतीची शस्त्रक्रिया करू द्यायला बफेलोनं नकार दिला, व्हेगासनं नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याला घेऊन परवानगी दिली. २०२३ च्या प्लेऑफमध्ये तो २६ गुणांसह सर्वांत पुढे होता आणि व्हेगास जिंकलं. तक्त्यात फक्त एक रिकामी जागा दिसते. तसंच टेज थॉम्प्सन: ओ’रायलीच्या बदल्यात बफेलोला आला, पहिल्या हंगामात ६५ सामन्यांत ७ गोल. प्रशिक्षक डॉन ग्रनॅटोनं त्याला विंगवरून (कडेवरून) सेंटरला आणलं तेव्हा २०२१-२२ मध्ये ३८ आणि पुढच्या हंगामात ४७. ट्रेडनंतर तीन वर्षांनी कुणी हिशेब बंद केला असता, तर तो चुकलाच असता. ह्युबर्डोचा उलटा: ११५ गुणांचा हंगाम संपवून कॅलगरीला गेला आणि ५५ वर आला.

कुणी काय वापरावं? फक्त गप्पांपुरतं हवं असेल तर हॉकी रेफरन्सच्या वेगळ्या ओळी, आणि भागाकार स्वतः करा. पाचपैकी साडेचार. लिहायचं असेल तर नॅचरल स्टॅट ट्रिकला पर्याय नाही. आद्याक्षरांची यादी पाठ होईपर्यंत तीन, नंतर पाच. मनीपक स्प्रेडशीटवाल्यांना चार, इतरांना अडीच. पकपीडिया चार. भारतातून बघणाऱ्यांसाठी एक सोय: पूर्वेकडचे संध्याकाळी सातचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचार किंवा साडेपाचला सुरू होतात, त्यामुळे ऑफिसला निघेपर्यंत रात्रीच्या सामन्यांचे तक्ते तयार असतात.