रिसेप्शनला न उतरलेली हळद आणि बेनक्यू एसडब्ल्यू२४०

चार वर्षांपूर्वी एका लग्नाचा अल्बम छापून आला, तर रिसेप्शनच्या फोटोतही नवरीची हळद उतरलेली नव्हती. नवरदेवाचा काळा कोट म्हणजे नुसता डांबराचा गोळा. लॅबवाला म्हणाला, "दादा, फाईल आली तशी छापली." खरंच होतं ते. माझ्या लॅपटॉपचा स्क्रीन निळसर, म्हणून मी प्रत्येक फोटोत पिवळा चढवत गेलो. ब्राइटनेस कायम फुल्ल, त्यामुळे सगळंच उजळ दिसायचं आणि मी एक्स्पोजर खाली ओढायचो. अल्बम पदरमोड करून पुन्हा छापला, आणि मग बेनक्यूचा हा मॉनिटर घेतला.

२४.१ इंची, आयपीएस पॅनेल (बाजूनं पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत), १९२० × १२०० पिक्सेल. ४के नाही. २४ मेगापिक्सेलचा फोटो १०० टक्क्यांवर उघडला की एका वेळी जेमतेम दहावा भाग दिसतो, फोकस तपासायला सरकवत बसावं लागतं. मला चालतं, माझं दुखणं रंगाचं होतं.

अडोबी आरजीबी म्हणजे फोटो-छपाईसाठीचा रंगांचा मोठा संच, त्यातले ९९ टक्के रंग हा दाखवतो. मोरपंखी शालू लॅपटॉपवर सपाट दिसायचा, इथे पदराची चुणी न् चुणी कळते. पण आमची लॅब एसआरजीबी, म्हणजे साध्या स्क्रीनचा लहान संचच मागते, म्हणून अल्बमचं काम मी मेनूतून एसआरजीबी लावूनच करतो. इंकजेटवर मोठी प्रिंट काढायची असेल तरच पूर्ण रंग उघडायचे. नाहीतर स्क्रीनवरचा मोरपंखी कागदावर येत नाही आणि पुन्हा लॅबवाल्याशी हुज्जत.

पैसे वसूल होतात ते हार्डवेअर कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे रंग मोजून मॉनिटरच बिनचूक लावण्यात. रंगाची दुरुस्ती मॉनिटरच्या आतच साठते, त्यामुळे मध्यंतरी लॅपटॉप बदलला तरी रंग हलले नाहीत. कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र, मात्र वेगळा घ्यावा लागतो. आम्ही तिघा फोटोग्राफरांनी वर्गणी काढून एकच घेतला, भिशीसारखा फिरतो. मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचा, मग पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ ते) २.२, आणि ब्राइटनेस १०० निट्सपर्यंत उतरवायचा. पहिले दोन दिवस स्क्रीन मेल्यासारखा वाटला. बायकोनं विचारलं, "नवीनच ना? मग आतला बल्ब गेला का?"

स्क्रीनवर बाहेरचा उजेड पडू नये म्हणून लावायचा हूड सोबत येत नाही. फ्रेमवाल्याकडून काळा माउंटबोर्ड आणून घरीच केला, आतून काळी मखमल. समोरच्या मिठाईवाल्याचा लाल बोर्ड रोज संध्याकाळी स्क्रीनवर उतरायचा, तो थांबला. मागची भिंत मात्र अजून पोपटीच आहे, तिच्यामुळे डोळा रंगात फसतो. मालक राखाडी रंग लावू देत नाहीत.